पांढऱ्या साडीची नोकरी

मुंबईच्या रुग्णालयांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी देणगीदारांची नावे जपली, नामांकित सर्जनांची जपली, कोनशिला कुणाच्या हस्ते बसली तेही लिहून ठेवले. रात्री वॉर्डात कोण जागे होते, याची नोंद फार थोड्यांनी केली. मी 1972 साली नर्सिंगला आले आणि इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा आमच्या व्यवसायाचे जुने कागद, अहवाल, पुस्तके हाती लागतील तशी वाचत गेले. वाचताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. नर्सचा गौरव पहिल्या दिवसापासून भरपूर झाला, आणि त्या गौरवाच्या आडोशाने माणसे कमी, तास जास्त आणि बसायला जागा नाही, हे सव्वाशे वर्षे चालू राहिले. ज्या ज्या वेळी आमचे काम थोडे सुसह्य झाले, त्या त्या वेळी त्यामागे हाताने दाखवता येईल अशी एखादी वस्तू होती. कपडे बदलायची खोली, एकदा वापरून टाकायची सुई, रात्रपाळीला एक जास्तीची मुलगी.

सुरुवात कामा रुग्णालयापासून करते, कारण मुंबईतल्या बायकांच्या औषधपाण्याची कहाणी तिथून नीट सांगता येते. परक्या पुरुषाने नाडी धरायची नाही म्हणून बायका घरातच मरत होत्या. 1882 साली जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी बंगाली यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांसाठी वैद्यकीय निधी उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी देणगी दिली, 22 नोव्हेंबर 1883 रोजी पायाभरणी झाली आणि 1886 साली रुग्णालय सुरू झाले. इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची आल्या. स्त्री डॉक्टरला पुरुषाइतका पगार मिळावा म्हणून त्या भांडल्या, आणि त्यांनीच कामा रुग्णालयात नर्सचे प्रशिक्षण चालवले. डॉक्टर बाई मिळाली तरी तिच्यामागे वॉर्ड सांभाळणाऱ्या शिकलेल्या बायका नसतील तर रुग्णालय चालत नाही, हे त्यांना कळले होते. तोवर मुंबईच्या सरकारी रुग्णालयांत शुश्रूषेचा भार ऑल सेंट्स या अँग्लिकन पंथाच्या सिस्टर वाहत. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या बहुतेक जणी युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन.

नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकात पुढची ओळ अशी आहे की 1891 साली बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणाला आल्या, त्या पहिल्या भारतीय नर्स. एवढेच. परीक्षेत एका मार्काला तो प्रश्न यायचा. आम्ही साल पाठ करायचो आणि पान उलटायचो. आज त्या ओळीवर थांबावेसे वाटते. 1891 साली मराठी बाईने बेडपॅन उचलणे, परजातीच्या माणसाची जखम धुणे, पू-रक्ताला हात लावणे, प्रेताला शेवटची आंघोळ घालून ते बांधणे, याचा अर्थ काय होता? अशा हाताचे पाणी घरातल्या माणसाने प्यावे का, हा प्रश्न त्या काळात खराखुरा विचारला जात होता. बाळंतपण करणारी सुईण गावाबाहेरची, कारण ते काम विटाळाचे. तेच काम शिकून, गणवेश घालून, पगार घेऊन करायला जी पहिली बाई उभी राहिली, तिच्या वाट्याला पुस्तकात एक ओळ आली.

ज्यांना हा विटाळ आड येत नव्हता किंवा ज्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, त्या आधी आल्या. देशी ख्रिस्ती मुली, बेने इस्रायली या मराठी ज्यू समाजातल्या मुली आणि विधवा. बेने इस्रायली समाजाने मुंबईला नर्सच काय, कामा रुग्णालयाची पहिली भारतीय प्रमुखही दिली. डॉ. जेरुशा झिराड 1928 पासून 1947 पर्यंत त्या पदावर होत्या. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशनचे रुग्णालय काढले, त्याच्या जोडीला नर्सिंगची शाळा आली, आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतल्या मुलींच्या दोन-दोन पिढ्या तिथून शिकून बाहेर पडल्या. आम्ही शिकत असताना मिरजेची सिस्टर म्हटले की तिच्या हाताची पट्टी बघायला उभे राहायचो.

प्लेगचे नाव घेतल्याशिवाय हा इतिहास पुढे जात नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला आणि काही महिन्यांत तो पुण्याला पोचला. हडपसरजवळ सासाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला. त्यांच्या आई सावित्रीबाई तिथे रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याच्या गायकवाडांचा आजारी मुलगा त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणला. तो मुलगा वाचला आणि 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या. शाळेत सावित्रीबाईंचा धडा शिकवताना शिक्षिका म्हणून शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यांचा मृत्यू रोग्याची सेवा करताना लागण होऊन झाला, आणि असा मृत्यू आमच्या व्यवसायात नंतरही पुन्हा पुन्हा आला. रोग्याच्या सगळ्यात जवळ सगळ्यात जास्त वेळ जो थांबतो, लागण आधी त्याला होते. पूर्वी प्लेग होता, मग टीबी, मग एड्सची भीती, मग कोविड.

पुण्यात 1909 साली रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभे केले आणि पुढे तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्यात विधवा बऱ्याच होत्या. रमाबाईंच्या नावावर समाज पुष्कळ गोष्टी सोसायला तयार होता, तरीही भल्या घरच्या बायकांनी रुग्णालयात परपुरुषांच्या खाटांमध्ये वावरावे याला मोठा विरोध झाला. सेवासदनाने त्यावर व्यावहारिक उपाय केला. राहण्याची सुरक्षित सोय, संस्थेचे नाव पाठीशी, ये-जा करताना सोबत. भाषणांनी जे होत नव्हते ते या सोयींनी झाले. मला रमाबाईंचा मोठेपणा इथेच दिसतो. मुलींना धैर्याचे धडे देत बसण्याऐवजी त्यांनी त्यांच्या झोपण्याची आणि येण्याजाण्याची व्यवस्था लावली.

विरोध संपला असे मात्र समजू नका. 1972 साली मी कराडजवळच्या गावातून मुंबईला निघाले तेव्हा माझी आत्या वडलांना म्हणाली, "दादा, पोरीला नर्स केलीस तर तिचं लगीन कोण करंल?" वडील एसटीत कंडक्टर होते. दुष्काळाचे वर्ष होते आणि घरात आम्ही पाच भावंडे. जाहिरातीत विद्यावेतन, राहणे आणि जेवण लिहिले होते. वडील म्हणाले, "तिच्या पोटाचं ती बघंल, लगनाचं मग बघू." माझ्याबरोबरच्या बहुतेक मुली अशाच कारणाने आल्या होत्या. सेवेची ओढ नंतर लागली, आणि लागली तेव्हा ती खरी लागली. पण दारात पाऊल ठेवले ते नोकरी म्हणून. हे सांगण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

आता सगळ्या गोष्टीचे मूळ जिथे आहे तिथे येते. देशाच्या आरोग्यव्यवस्थेच्या पाहणीसाठी 1943 साली नेमलेल्या भोर समितीने 1946 साली अहवाल दिला. त्या वेळी सगळ्या हिंदुस्थानात नोंदणी झालेल्या नर्स होत्या सुमारे 7,000. म्हणजे 43,000 माणसांमागे एक. समितीने लक्ष्य ठेवले 500 माणसांमागे एक. ही दरी भरायला रुग्णालयांनी एक सोपा मार्ग आधीपासूनच धरला होता: शिकाऊ मुली. नर्सिंगची शाळा रुग्णालयाला जोडलेली, आणि शाळेतल्या मुली म्हणजे वॉर्डाचे मनुष्यबळ. त्यांना पगार द्यावा लागत नाही, विद्यावेतन पुरते. त्या वसतिगृहात राहतात, म्हणून केव्हाही बोलावता येते. त्या एकोणीस-वीस वर्षांच्या असतात, म्हणून उलट बोलत नाहीत. तीन वर्षांनी एक तुकडी बाहेर पडते, पुढची आलेली असते. भरतीची पदे रिकामी राहिली तरी वॉर्ड चालतो. माझ्या मते महाराष्ट्रातल्या नर्सच्या कामाच्या परिस्थितीतली सगळ्यात मोठी खोट हीच. टंचाई कधी जाणवूच दिली गेली नाही, कारण ती मुलींच्या झोपेतून भरून काढली जात होती.

आमचा दिवस कसा असे ते सांगते. मोडती ड्यूटी म्हणजे सकाळी सातला वॉर्डात, दुपारी सुटका, त्या सुटकेत वर्ग, पुन्हा चारला वॉर्डात ते रात्री आठपर्यंत. पाय सुजलेले असत. वर्गात शरीरशास्त्र शिकवत असताना शेजारची मुलगी झोपली तर आम्ही तिच्या पाठीला टेकू द्यायचो. रात्रपाळी आली की सलग सात रात्री. जनरल वॉर्डात खाटा चाळीस असायच्या आणि रोगी साठ-पासष्ट. खाटेखाली चटई टाकून, दोन खाटांच्या मधल्या जागेत, व्हरांड्यात. त्यांना आम्ही फ्लोअर बेड म्हणायचो आणि केसपेपरवर तसे नंबरही घालायचो. दोन वॉर्डांना मिळून एक स्टाफ नर्स, आणि प्रत्येक वॉर्डात एक शिकाऊ मुलगी. स्टाफ पलीकडच्या वॉर्डात असताना इकडे कुणाला धाप लागली तर पळत जाऊन तिला आणायचे की रोग्याजवळ थांबायचे, हे त्या मुलीने ठरवायचे. दुसऱ्या वर्षात असताना एका रात्री माझ्या वॉर्डात तिघे गेले. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवताना, मी तिघांची नावे, वेळा, डॉक्टरांना बोलावल्याची वेळ, सगळे न अडखळता सांगितले. इन्चार्ज बाई वहीवरची नजर वर करून म्हणाल्या, "पोरी, जा. चहा पी आधी." माझ्या संपूर्ण शिक्षणात मला मिळालेले ते सगळ्यात मोठे सांत्वन.

रात्री रोगी झोपले तर आम्ही बसायचो असे कुणाला वाटेल. रात्री गॉज कापायचे, घड्या घालायच्या, कापसाचे बोळे करायचे, पट्ट्या गुंडाळायच्या, सगळे ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला पाठवायचे. रबरी हातमोजे धुऊन, भोक आहे का ते पाणी भरून बघून, वाळवून, पावडर लावून पुन्हा वापरात आणायचे. काचेच्या सिरिंज उकळायच्या. सुया बोथट झाल्या की दगडावर धार लावायची. त्या धार लावलेल्या सुया टोचताना रोग्याचा जो चेहरा व्हायचा तो आम्हीच बघायचो. सकाळी पाचला स्पंज बाथ, टेंपरेचर, चार्ट, लघवीची मापे, आठच्या राउंडच्या आधी पलंगाच्या चादरीला एक सुरकुती दिसता कामा नये.

चादरीवरून इन्व्हेंटरी आठवली. ज्याने ही नोकरी केली नाही त्याला यातले दुःख सांगून कळणे कठीण, तरी सांगते. वॉर्डातली प्रत्येक वस्तू, चादर, ब्लँकेट, किडनी ट्रे, थर्मामीटर, कात्री, इन्चार्ज सिस्टरच्या नावावर असते. मी इन्चार्ज झाले त्या दिवशी माझ्या नावावर किती शे वस्तू चढल्या ते रजिस्टरची पाने उलटत मी बघत राहिले होते. गरीब रोगी सुट्टी मिळाल्यावर थंडीत ब्लँकेट पांघरून निघून जातो. त्याच्याकडे दुसरे नसते, त्याला बोल तरी काय लावणार. मग ते ब्लँकेट माझ्या पगारातून. थर्मामीटर शुद्धीवर नसलेल्या रोग्याने चावून फोडला, तो पगारातून. फाटलेली चादर टाकून देता येत नाही. कंडेम करणारी समिती येऊन ती फाटली आहे असे मान्य करेपर्यंत तिच्या चिंध्या मोजून गाठोड्यात ठेवायच्या. बदली झाली की नव्या सिस्टरला सगळे मोजून द्यायचे, आणि आकडा जुळेपर्यंत बदलीच्या जागी रुजू होता येत नाही. मी एका जिल्हा रुग्णालयातून दुसरीकडे जाताना माझे रिलिव्हिंग दोन कात्र्यांसाठी अडले होते. शेवटी माझ्या नवऱ्याने बाजारातून कात्र्या आणून दिल्या. रोग्यापाशी घालवायचा वेळ कपाटापाशी गेला, हा माझा खरा आक्षेप आहे. मॉर्फिन-पेथिडिनच्या कपाटाची किल्ली कमरेला असणे मला मान्य आहे, ती जबाबदारी शिकलेल्या माणसाचीच. उशांचे अभ्रे मोजायला तीन वर्षांचा अभ्यासक्रम लागत नाही.

नवऱ्याचा उल्लेख आला, तर लग्नाबद्दलही बोलले पाहिजे. जुन्या काळी नर्स म्हणजे अविवाहित किंवा विधवा हे गृहीतच होते. राहणे वसतिगृहात, आणि लग्न झाले की बऱ्याच ठिकाणी राजीनामा. लष्करी परिचारिका सेवेत तर 1977 च्या एका आदेशाने लग्न हे नोकरी संपवण्याचे कारण ठरवले होते. तो आदेश 1995 साली मागे घेतला गेला. त्याखाली 1988 साली एका लेफ्टनंट नर्सला घरी पाठवले होते. तिने न्यायालयात लढा दिला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला 60 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. छत्तीस वर्षे! मुलकी रुग्णालयांत आमच्या वेळेपर्यंत ही सक्ती गेली होती, पण लग्न झालेल्या नर्सचे वेळापत्रक कसे असावे याचा विचार कुणी केलेला नव्हता. पाळणाघर नाही. सातव्या महिन्यापर्यंत रात्रपाळी. माझ्या धाकट्याला ताप असताना मी दुसऱ्यांच्या मुलांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते, आणि घरी सासूबाई ठेवत होत्या. त्या होत्या म्हणून माझी नोकरी टिकली. ज्यांच्या घरी कुणी नव्हते अशा दोन चांगल्या मैत्रिणींनी नोकरी सोडली.

27 नोव्हेंबर 1973 ही तारीख आमच्या पिढीतली एकही नर्स विसरलेली नाही. त्या वेळी मी दुसऱ्या वर्षात होते, मुंबईतच, दुसऱ्या रुग्णालयात. केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग ही नर्स ड्यूटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेली आणि तिथल्या सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. ती पंचवीस वर्षांची होती, लग्न ठरलेले होते. वर्तमानपत्रांनी गुन्हेगाराबद्दल लिहिले. आमच्या वसतिगृहात त्या रात्री बोलणे चालले होते ते वेगळ्याच गोष्टीचे: ती कपडे बदलायला तळघरात का गेली? कारण आमच्यातल्या कुणालाच कपडे बदलायला धड खोली नव्हती. कुणी लिननच्या खोलीत, कुणी एक्स-रेच्या पडद्यामागे, कुणी जिन्याखाली. केईएमच्या नर्सनी संप केला, तो अरुणासाठी होता आणि सुरक्षित कामाच्या जागेसाठीही होता. आमच्याकडे काही मुलींचे वडील गावाहून येऊन मुलींना परत घेऊन गेले. माझे वडील आले, गेटवर उभे राहिले, म्हणाले, "तू ठरव." मी राहिले. काही महिन्यांनी आम्हाला आतून कडी लागणारी एक खोली मिळाली.

गुन्हेगाराला शिक्षा झाली ती हल्ला आणि चोरीबद्दल, सात वर्षांची. अरुणा अंथरुणावर राहिली ती 18 मे 2015 पर्यंत. महापालिकेने तिला हलवण्याचा प्रयत्न केला तेव्हा केईएमच्या नर्सनी तो हाणून पाडला. मार्च 2011 मध्ये दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने केईएमचे कर्मचारीच तिचे खरे आप्त आहेत असे मानले. एवढ्या वर्षांत तिच्या अंगाला बेडसोअर होऊ दिला नाही याचे लोकांना नवल वाटते. ते कसे होते हे मी सांगू शकते. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची घडी पाठीखाली राहू द्यायची नाही, टाचा आणि माकडहाड रोज तपासायचे, ओलसरपणा क्षणभर राहू द्यायचा नाही, घास भरवताना मान किती उचलायची ते कळले पाहिजे. हे सलग चार दशके, पाळीमागून पाळी, जुनी सिस्टर निवृत्त झाली की नव्या मुलीला शिकवून. जगातल्या कुठल्याही नर्सिंग शाळेने अभ्यासाला घ्यावे असे हे काम आहे. त्याचे वर्णन करताना लोक माया हा शब्द वापरतात. माया होतीच. तिच्याबरोबर कसब होते, आणि त्या कसबाचे श्रेय त्या मुलींना मिळाले पाहिजे.

एड्सचा काळ मी जिल्हा रुग्णालयात काढला. 1986 साली देशात पहिले रुग्ण चेन्नईला सापडले आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या वॉर्डांत हायवेवरचे ट्रक ड्रायव्हर, त्यांच्या बायका, मग लहान मुले येऊ लागली. काही वॉर्डबॉय खाटेजवळ जात नसत, नातेवाईक दारातून डबा ठेवून जात. राहिलो आम्ही. हातमोज्यांचे इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवले तर मागितल्याच्या निम्मे यायचे. ते प्रसूतिगृहाला पुरवायचे की ड्रेसिंगला, हे मला ठरवावे लागे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालताना बोटाला सुई टोचणे ही आमच्याकडे नेहमीची गोष्ट होती. तोवर कुणी त्याची नोंद केली नव्हती. माझ्या वॉर्डातल्या एका मुलीला अशी सुई टोचली. ती तपासणीचा निकाल येईपर्यंत घरी स्वतःच्या मुलाला जवळ घेत नव्हती. निकाल चांगला आला. त्यानंतर एकदाच वापरायच्या सिरिंज नियमाने आल्या, सुई कापायचे यंत्र आले, टोपण परत घालू नये हे भिंतीवर लिहिले गेले, कावीळ-बीची लस आली. दगडावर सुईला धार लावणारी मी, ती यंत्रे बघून मला रडू आले होते.

लोक विसरतात म्हणून कामा रुग्णालयाचे नाव पुन्हा घेते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री अतिरेकी कामा रुग्णालयात शिरले, दोन रखवालदारांना मारले. अंजली कुलथे ही स्टाफ नर्स प्रसूतिपूर्व वॉर्डात रात्रपाळीला होती. तिने वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना एका लहान खोलीत हलवले, दिवे बंद केले, आणि एकीला कळा सुरू झाल्यावर जिन्याने प्रसूतिगृहात पोचवले. नंतर त्या अतिरेक्यांपैकी कसाबविरुद्ध साक्ष दिली आणि डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव सांगितला. तिचे धैर्य मोठेच. माझे लक्ष जाते ते त्या वीस या आकड्याकडे. एका नर्सकडे वीस गरोदर बायका, आणि ती रात्र रोजच्यासारखीच सुरू झालेली होती.

भारतीय परिचर्या परिषदेचे मानक सांगते की शिकवण्याच्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक नर्स असावी, इतर रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक. परिषद 1947 च्या कायद्याने आली, महाराष्ट्राचा परिचारिका कायदा 1966 चा. रुग्णालयातल्या मारहाणीविरुद्ध 2010 साली राज्याने कायदा केला, त्यात नर्सचाही समावेश आहे. खासगी रुग्णालयांतल्या पगारांबद्दल 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमायला लावली आणि किमान 20,000 रुपये पगाराची शिफारस झाली. कागद चांगले आहेत.

माझी भाची आज मुंबईत स्टाफ नर्स आहे. कोविडच्या साथीत 22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता गॅलऱ्यांतून टाळ्या-थाळ्या वाजल्या तेव्हा ती ड्यूटीवर निघाली होती. त्याच आठवड्यात तिच्याबरोबरच्या एका मुलीला घरमालकाने खोली सोडायला सांगितली. पीपीई घातला की सहा-आठ तास पाणी नाही, कारण बाथरूमला जायचे तर तो सूट काढावा लागतो आणि दुसरा मिळेलच असे नाही. मासिक पाळीच्या दिवसांत त्या मुलींनी काय केले असेल ते प्रत्येक बाईला कळेल. दर बारा मेला नर्सेस डेला गुलाब मिळतात. मलाही मिळाले आहेत, आणि देणाऱ्यांच्या मनात खरा आदर असतो. मेणबत्त्या लावून आम्ही जी नाइटिंगेलच्या नावाची प्रतिज्ञा घेतो ती नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही. 1893 साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या नर्सिंग शाळेसाठी ती तयार झाली. तिच्यात निष्ठा आहे, शुचिता आहे, डॉक्टरांना साह्य आहे. एका नर्सने किती रोगी सांभाळावेत याबद्दल तिच्यात अक्षर नाही.

मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी संप केला, तो कंत्राटदारामार्फत नर्स भरण्याच्या विरोधात होता. वर्तमानपत्रांनी रोग्यांचे हाल छापले. हाल झाले हे खरे, आणि संपावर जाताना नर्सला काय वाटते ते मी जाणते. पण कंत्राटावरची मुलगी अकरा महिन्यांनी बदलते. तिला वॉर्ड कळेपर्यंत ती गेलेली असते. बंधपत्रावरच्या मुलीला कायम होण्याची आशा दाखवून वर्षानुवर्षे रात्रपाळ्या करून घेतात. शिकाऊ मुलींच्या झोपेवर रुग्णालय चालवण्याची जी जुनी रीत, तिचेच हे नवे रूप आहे असे मला वाटते, आणि ती मोडली पाहिजे.

तुमच्यापैकी प्रत्येकाचे कुणी ना कुणी कधी तरी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात दाखल होणार आहे. तेव्हा सिस्टरचे आभार जरूर माना, पण त्याआधी वॉर्डातल्या खाटा मोजा आणि विचारा की रात्री इथे किती जणी असतात. उत्तर मिळेल तो आकडा लिहून घ्या आणि तुमच्या नगरसेवकाला, आमदाराला पत्राने कळवा. रिकाम्या पदांची मागणी नर्सनी केली की ती पगाराची मागणी समजली जाते. रोग्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी केली तर तिच्याकडे बघावे लागेल.